एकशे त्रेसष्टावा सामना

७ ऑक्टोबर २०१५ची संध्याकाळ. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर, नदीकाठचं पीएनसी पार्क. इथला बेसबॉल संघ, पिट्सबर्ग पायरेट्स, त्या हंगामात ९८ सामने जिंकला होता. मेजर लीग बेसबॉलच्या ३० संघांपैकी फक्त एका संघाने, सेंट लुईस कार्डिनल्सने, त्याहून जास्त म्हणजे १०० सामने जिंकले होते. समोर होता शिकागो कब्स, ९७ विजयांचा. म्हणजे अख्ख्या लीगमधले दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे संघ त्या रात्री भिडणार होते, आणि त्यांच्यापैकी एकाचा हंगाम त्याच रात्री संपणार होता.

संपला तो पायरेट्सचा. कब्सचा पिचर जेक अरिएटा याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या, ११ बॅटर स्ट्राइकआउट केले, धाव एकही दिली नाही. ४-०. एप्रिलपासून रोज एकेक करून जमवलेले ९८ विजय एका संध्याकाळीत निकालात निघाले. त्याच वेळी ९२ सामने जिंकलेला लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ९० जिंकलेला न्यूयॉर्क मेट्स हे दोघे आरामात बसून होते. ते आपापल्या विभागात पहिले आले होते, म्हणून त्यांना पुढच्या फेरीत थेट प्रवेश होता.

हा न्याय आहे का? अमेरिकेत यावर अनेक वर्षं भांडण झालं. शेवटी २०२२मध्ये एका सामन्याची ही पद्धत बंद झाली. पण ती बंद करताना बेसबॉलने आणखी एक गोष्ट बंद केली, जी मला तरी अगदी न्याय्य वाटते. त्या दोन गोष्टींतला फरक समजून घ्यायचा तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. त्याआधी खेळाबद्दल थोडं.

रोज खेळायचा खेळ

बेसबॉल आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली: हा रोजचा खेळ आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या साखळीत एक संघ १४ सामने खेळतो. बेसबॉलला इतके सामने का लागतात? कारण चांगल्या आणि सुमार संघातला फरक इथे एका दिवसात दिसत नाही. १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे जबरदस्त संघ, पण तोसुद्धा ६२ वेळा हरलेला असतो. तळाचा संघही बहुतेक वर्षी पन्नासेक सामने जिंकून जातो. गोल दांडक्याने गोल चेंडू मारायचा. अर्धा इंच इकडे-तिकडे झाला की होम रनचा झेल होतो. असं रोज होत असतं, आणि सहा महिन्यांत ते सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखंच येतं.

दुसरी गोष्ट पिचरची. पिचर म्हणजे आपला बोलर समजा, पण त्याचं वजन कितीतरी जास्त. आपल्याकडे सहा चेंडू झाले की बोलर बदलतो. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर पाच-सहा इनिंग, क्वचित नऊच्या नऊ, एकटाच टाकतो. मग त्याच्या खांद्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते. म्हणून प्रत्येक संघाकडे असे पाच पिचर असतात आणि ते पाळीपाळीने येतात. १६२ सामन्यांत या पाचही जणांचा कस लागतो. सामना एकच असला तर उरलेले चौघे असले काय, नसले काय.

अरिएटाने त्या वर्षी २२ सामने जिंकले होते आणि त्या मोसमात तो जवळपास खेळता न येण्यासारखा झाला होता. आदल्या वर्षी, २०१४मध्ये, पायरेट्स याच मैदानावर अशाच एका सामन्यात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरपुढे ८-० हरले होते. दोन वर्षं, दोन संध्याकाळी, १८ इनिंग, शून्य धावा. त्यांना संघांनी हरवलं त्यापेक्षा दोन माणसांनी हरवलं असं म्हणावं लागेल.

मग सामने वाढवले की झालं? इथे एक छोटासा हिशेब करून बघू. समजा एक संघ दुसऱ्यापेक्षा इतका सरस आहे की दर १०० सामन्यांत ५५ तो जिंकेल. बेसबॉलमध्ये हा फरक बऱ्यापैकी मोठा आहे. एकच सामना खेळवला तर त्याच्या विजयाची शक्यता ५५ टक्के. तीनपैकी दोन जिंकायचे असतील तर ती होते साधारण साडेसत्तावन्न टक्के. सातपैकी चार असतील तरी जेमतेम ६१. म्हणजे सात सामन्यांची मालिकासुद्धा दहातल्या चार वेळा कमी ताकदीच्या संघाकडे जाते.

हा आकडा पहिल्यांदा बघताना धक्का बसतो. एक सामना म्हणजे जुगार आणि मालिका म्हणजे न्याय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये नशिबाचा वाटा मोठाच आहे. त्यामुळे ‘किती सामने’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. समोरासमोर कोण उभं आहे आणि कोणत्या हिशेबाने, हे आधी बघायला हवं.

एका पोराच्या नावावर

१९०८ साली बाद फेरी नावाची भानगडच नव्हती. नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग, प्रत्येकीत आठ संघ. हंगामात सर्वांत जास्त जिंकणारा तो लीगचा विजेता, आणि दोन विजेत्यांमध्ये वर्ल्ड सिरीज. बस.

त्या वर्षी २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि कब्स खेळत होते. नववी इनिंग, १-१ बरोबरी. जायंट्सचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, आणि पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल नावाचा १९ वर्षांचा पोरगा. नेहमीच्या खेळाडूची पाठ दुखत होती म्हणून मर्कलला त्या दिवशी सुरुवातीपासून उतरवलं होतं. हंगामातली त्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या बॅटरने चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धावत घरी आला, सामना जिंकला, लोक मैदानात घुसले. मर्कल ती गर्दी बघून अर्ध्यातूनच वळला आणि क्लबहाउसकडे पळाला. दुसऱ्या बेसला त्याने पायच लावला नाही.

नियमाप्रमाणे पाय लावणं जरुरीचं होतं, पण अशा वेळी कोणी लावायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही, असा रिवाज होता. कब्सच्या जॉनी एव्हर्सने मात्र विचारलं. त्याने त्या गोंधळात कुठून तरी चेंडू मिळवला आणि दुसऱ्या बेसवर उभा राहिला. तो सामन्यातलाच चेंडू होता का, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. पंच हँक ओ’डे यांनी मर्कलला बाद दिलं. धाव रद्द झाली, आणि गर्दीमुळे पुढे खेळणं अशक्य असल्याने सामना बरोबरीत सुटला.

हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांचे ९८ विजय आणि ५५ पराभव. तो बरोबरीचा सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला. कब्स ४-२ जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकले. मर्कलला मरेपर्यंत ‘बोनहेड’, म्हणजे बिनडोक, हे नाव चिकटलं. तो पुढे बरीच वर्षं उत्तम खेळला, पण लोकांना आठवला तो न टेकवलेला पायच.

मर्कलवर अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्या शेवटच्या सामन्याबद्दल काय म्हणाल? दीडशेवर सामने खेळूनही दोन संघांत तिळाचा फरक निघाला नव्हता. मग आणखी एक सामना खेळा, जो जिंकेल तो पुढे. याहून सरळ उपाय सुचत नाही.

नाणं आणि भिंत

पुढे हाच उपाय नियमात आला, पण दोन्ही लीगनी तो वेगवेगळा घेतला. हंगामअखेर बरोबरी झाली तर अमेरिकन लीग एकच सामना खेळवायची. नॅशनल लीग खेळवायची तीन, त्यांतले दोन जिंकायचे.

१९४८मध्ये बॉस्टन रेड सॉक्स आणि क्लीव्हलंड बरोबरीत आले. सामना बॉस्टनच्या फेनवे पार्कवर. बॉस्टनचे व्यवस्थापक जो मॅकार्थी यांनी भरवशाच्या तरुण पिचरला बाजूला ठेवून ३६ वर्षांच्या डेनी गेलहाउसला उतरवलं. क्लीव्हलंड ८-३ जिंकलं. गेलहाउसच का, हा प्रश्न बॉस्टनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. एका सामन्याचं हे एक वैशिष्ट्यच आहे: निर्णय एकच असतो, आणि तो चुकला तर दुरुस्त करायला दुसरा दिवस नसतो.

१९५१मध्ये नॅशनल लीगमध्ये ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स बरोबरीत. पहिला सामना जायंट्सने जिंकला, दुसरा डॉजर्सने १०-० असा. तिसऱ्यात, ३ ऑक्टोबरला, डॉजर्स नवव्या इनिंगमध्ये ४-२ पुढे असताना बॉबी थॉमसनने होम रन मारला आणि जायंट्स ५-४ जिंकले. बेसबॉलमधला हा सर्वांत प्रसिद्ध फटका. आता जरा विचार करा: अमेरिकन लीगसारखा एकच सामना असता तरी जायंट्सच जिंकले असते, पहिल्याच दिवशी. निकाल तोच, फक्त तो फटका इतिहासात नसता.

१९७८मध्ये पुन्हा फेनवे पार्क. यँकीज जुलैमध्ये रेड सॉक्सच्या १४ सामने मागे होते, आणि हंगाम संपताना दोघांचे ९९ विजय. १६३वा सामना झाला २ ऑक्टोबरला. यँकीजचा बकी डेंट, ज्याने त्याआधी त्या हंगामात फक्त चार होम रन मारले होते, त्याने सातव्या इनिंगमध्ये डाव्या बाजूच्या उंच हिरव्या भिंतीवरून चेंडू पलीकडे टाकला. तीन धावा. यँकीज ५-४ जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही.

यात एक खोट होती. सामना कोणाच्या मैदानावर, हे नाणेफेकीने ठरायचं. २००८मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स आणि मिनेसोटा ट्विन्स बरोबरीत आले. आपसातले जास्त सामने ट्विन्सनी जिंकले होते, पण नाणेफेकीत मैदान शिकागोला मिळालं, आणि तिथे व्हाइट सॉक्स १-० जिंकले. पुढच्याच वर्षी नाणं बंद झालं; आपसातल्या सामन्यांत सरस असेल त्याच्या घरी खेळायचं ठरलं. म्हणजे या सामन्याला जी एक खरी खोट होती, तीही निघाली.

२०१८पर्यंत असे १६ प्रसंग आले. चार वेळा तीन सामन्यांची मालिका झाली, १२ वेळा एकच सामना. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. मैदानात उतरताना दोन्ही संघांच्या नावावर अगदी सारखे विजय होते.

९४ म्हणजे ८८

दरम्यान संघ वाढले, लीगचे विभाग पडले. १९९३मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०३ सामने जिंकले आणि तरी त्यांना घरी बसावं लागलं, कारण त्यांच्याच विभागात अटलांटा ब्रेव्जनी १०४ जिंकले होते. असं होऊ नये म्हणून १९९५पासून ‘वाइल्ड कार्ड’ लागू झालं: विभागात पहिला न आलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या संघालाही बाद फेरीत जागा.

मग उलटी तक्रार सुरू झाली. वाइल्ड कार्डवाले संघ वर्ल्ड सिरीज जिंकायला लागले: १९९७, २००२, २००३, २००४, २०११. पहिला येऊन आणि दुसरा येऊन फळ तेच, तर पहिलं यायचं कशाला? ही तक्रार खरी होती. म्हणून २०१२पासून प्रत्येक लीगमध्ये दोन वाइल्ड कार्ड झाली आणि त्या दोघांत एकच सामना. हरला तो बाहेर. दुसऱ्या येणाऱ्याला शिक्षा हवी, हा हेतू उघड होता. शिवाय ‘आज जिंका नाहीतर घरी जा’ अशी रात्र टीव्हीवर चांगली दिसते, हेही होतंच.

पहिल्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ज (९४ विजय) आणि कार्डिनल्स (८८ विजय) समोरासमोर आले. आदल्या वर्षीच्या नियमाने ब्रेव्ज सरळ पुढे गेले असते. आता सहा सामन्यांची ती आघाडी घरच्या मैदानापुरती उरली. आठव्या इनिंगमध्ये पंचांनी एका उंच उडालेल्या चेंडूवर, तो जमिनीवर पडूनही, ब्रेव्जच्या बॅटरला बाद दिलं. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना थांबला. ब्रेव्ज ६-३ हरले. त्यांचा लाडका चिपर जोन्स त्यानंतर निवृत्त झाला. पंचांचा असा एखादा निर्णय १६२ सामन्यांत विरून जातो. इथे विरायला जागाच नव्हती.

टोक गाठलं २०२१ने. सॅन फ्रान्सिस्को १०७ विजय, डॉजर्स १०६. एका विजयाने मागे राहिलेल्या डॉजर्सना ९० विजयांच्या कार्डिनल्सशी एकच सामना खेळावा लागला. नवव्या इनिंगपर्यंत १-१. मग क्रिस टेलरच्या होम रनने ते वाचले. १६ सामन्यांचा फरक आणि एका फटक्यावर सुटका.

ही पद्धत नऊ हंगाम चालली (२०२०मध्ये कोविडमुळे वेगळी रचना होती). एकूण १८ सामने झाले, आणि प्रत्येक वेळी हंगामात वरचढ ठरलेला संघ घरच्या मैदानावर खेळला. निकाल काय? यजमान नऊ वेळा जिंकले, पाहुणे नऊ वेळा. सहा महिन्यांची कमाई आणि घरचं मैदान, दोन्ही मिळून नाणेफेकीइतकंच उरलं.

‘नियम तर सगळ्यांना आधीच माहीत होता,’ असं यावर कोणी म्हणेल. बरोबर आहे, फसवणूक कोणाचीच झाली नाही. पण नियम आधी सांगितला म्हणून तो न्याय्य होत नाही. १९०८ किंवा १९७८चा सामना म्हणत होता, ‘तुमच्यात फरक सापडत नाही, म्हणून आणखी एक खेळा.’ २०१२चा सामना म्हणत होता, ‘तुमच्यात फरक आहे हे आम्हाला माहीत आहे, पण तो आता विसरूया.’ बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात हंगामाचा मान राहतो, दुसऱ्यात हंगाम पुसला जातो.

पिट्सबर्गइतकी याची किंमत कोणी मोजली नसेल. १९९३ ते २०१२ सलग २० हंगाम या संघाने जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. मग तीन चांगली वर्षं आली, आणि तिन्ही वेळा वाट्याला आला तो एकच सामना. २०१३मध्ये जिंकले, पुढच्या दोन्ही वेळा हरले. २०१५च्या त्या संघाला पाच सामन्यांची मालिका मिळाली असती तरी ते हरले असते कदाचित. पण तेव्हा त्यांचे पाचही पिचर हरले असते. त्यानंतरच्या दहा हंगामांत पायरेट्स बाद फेरीत दिसलेले नाहीत.

दोन्ही एकदम

२०२२मध्ये बाद फेरीत १२ संघ आले आणि वाइल्ड कार्डचा एक सामना जाऊन तीन सामन्यांची मालिका आली, सगळे सामने वरच्या संघाच्या घरी. ठीक झालं. पण वेळापत्रकात जागा हवी म्हणून त्याच झटक्यात १६३वा सामनाही रद्द झाला. आता बरोबरी झाली की आपसातल्या सामन्यांचा हिशेब काढायचा, आणि विषय संपला.

लगेच त्याच वर्षी मेट्स आणि ब्रेव्ज, दोघांचे १०१ विजय झाले. आपसातल्या १९ सामन्यांत ब्रेव्ज १०, मेट्स ९. ब्रेव्ज विभागाचे विजेते झाले, मेट्स वाइल्ड कार्डमध्ये ढकलले गेले आणि ८९ विजयांच्या सॅन डिएगोकडून हरले. ज्या दोन संघांमध्ये एक सामना व्हायलाच हवा होता, त्यांच्यात तो झाला नाही.

आपल्याला हे नवीन नाही. आयपीएल २०२४मध्ये बेंगळुरू आणि चेन्नई, दोघांचे १४ गुण झाले आणि नेट रन रेटने चेन्नईला घरी पाठवलं. आयपीएलचं एक मात्र चांगलं आहे: २०११पासून पहिल्या दोन संघांना हरल्यावरही आणखी एक संधी मिळते. साखळीत कमावलेलं थोडं तरी पुढे सोबत येतं.

हे सर्वांत नेटकं जमवलंय ते दक्षिण कोरियाच्या बेसबॉल लीगने. तिथे २०१५पासून चौथा आणि पाचवा संघ वाइल्ड कार्ड खेळतात, पण चौथ्याला एक विजय किंवा बरोबरी पुरते; पाचव्याला त्याच्या घरी जाऊन लागोपाठ दोन जिंकावे लागतात. फरक आहे, तर तो पाटीवर लिहूनच सामना सुरू होतो. पहिली नऊ वर्षं पाचवा संघ एकदाही पुढे गेला नाही. २०२४मध्ये केटी विझ गेला, दोन्ही सामने जिंकून. ‘नशीब’ म्हणून कोणी त्याला हिणवू शकलं नाही. त्याच वर्षी पाचव्या जागेसाठी केटी आणि एसएसजी लँडर्स बरोबरीत आले होते. ती जागा कशी ठरली? एका सामन्याने. केटी ४-३ जिंकला. २०२१मध्ये तर पहिला क्रमांकच एका सामन्याने ठरवला होता. बरोबरी असेल तर एक सामना, बरोबरी नसेल तर वजन. एवढं साधं आहे.

अमेरिकेत मात्र २०२४मध्ये तीन संघ ८९ विजयांवर थांबले: मेट्स, ब्रेव्ज आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स. जागा दोन. वादळामुळे लांबलेले मेट्स-ब्रेव्जचे दोन सामने ३० सप्टेंबरला, हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, एकापाठोपाठ झाले. दोघांनी एकेक जिंकला आणि दोघेही आत गेले. डायमंडबॅक्सचे १६२ सामने आदल्या दिवशीच संपले होते. त्यांनी ते दोन्ही सामने टीव्हीवर बघितले. तितकेच विजय असूनही त्यांना कोणी खेळायला बोलावलं नाही.